पोस्टिंगवरची विद्यार्थिनी शुद्धीवर वाटत नसेल तर काय करावं?

निशिगंध

मी नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. गेल्या महिन्यात मेडिसिन वॉर्डात जे घडलं ते इथं मांडते. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, गाभा तोच आहे.

सकाळी पावणेआठ. ओव्हर, म्हणजे रात्रपाळीकडून सकाळपाळीकडे पेशंट सोपवणं, चालू होता. बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. एरवी ट्रॉली लावायला सगळ्यांच्या आधी हजर असणारी ही मुलगी. नाव घेतलं की दोन क्षणांनी "येस मॅडम" यायचं. जीभ जड. अकरा नंबरच्या आजोबांना नाश्त्याआधी रेग्युलर इन्सुलिन ६ युनिट द्यायचं होतं. मी नेहमीप्रमाणे सिरिंज बघायला मागितली. १६ भरलं होतं. "किती भरलंस?" विचारलं, तर तिनं सिरिंज उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "सहा."

सिरिंज काढून घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तू आधी बाहेर जा."

ती गेली. बाकीच्या सहा मुलींची इंजेक्शनं माझ्या डोळ्यांखाली व्हायची होती, ती उरकली. पंचवीस मिनिटांनी बघते तर कॉरिडॉरमध्ये ती नाही. लिनन रूममध्ये चादरींच्या गाठोड्यांवर झोपलेली सापडली. दोनदा हलवून उठवावं लागलं. ती पंचवीस मिनिटं अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या मजल्याला गॅलरी आहे, जिना आहे, आणि मी तिला एकटीला पाठवलं होतं.

तोवर इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "वास येतोय हिला." ते मावशींनी ऐकलं. दुपारपर्यंत हॉस्टेलला कळलं होतं. संध्याकाळी ऑफिसातून मला टाइप केलेलं पत्र आलं, सहीपुरतं: "सदर विद्यार्थिनी मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत कर्तव्यावर आढळली." मी सही केली नाही. वास मला आला नव्हता. सोमवारी कमिटी आहे, घरच्यांना बोलावणार म्हणतात.

अशा वेळी पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं? कागदावर काय लिहायचं? एम.एस्सी.ला आम्हाला कुणी शिकवलं नाही. तुमच्याकडे लेखी काही आहे का?

जुनी मेट्रन

बाई, तुम्ही सिरिंज बघायला मागितलीत तिथं आजोबा वाचले. ते आधी मनाशी धरा.

आता माझा पहिला प्रश्न. शुगर बघितली का तिची? पेशंट असा जड जिभेनं बोलला असता तर तुम्ही आधी एचजीटी, म्हणजे बोट टोचून शुगर, केली असती. मुलगी गणवेशात होती म्हणून राहून गेलं. हे माझ्याकडूनही झालंय, म्हणून विचारते. सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं काढली मी. जी.एन.एम.चा, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचा, एक मुलगा टाइप वन डायबेटिस लपवून शिकत होता. हॉस्टेलमध्ये कळलं तर काढतील ही भीती. सकाळी इन्सुलिन टोचून, मेसचा नाश्ता हुकवून पोस्टिंगला आला. घामाघूम, हात थरथरतायत, तोंडाला येईल ते बोलतोय. मी त्याला "पिऊन आलास का" म्हणाले. शुगर निघाली ३८. त्यानंतर पुढं कधीही कुणाबद्दल तो शब्द माझ्या तोंडून आधी निघाला नाही.

शुगर कमी, फिट येऊन गेल्यानंतरची गुंगी, डोक्याला मार, ताप, सर्दीची गोळी, दोन रात्री झोप नाही. लांबून हे सगळं दारूसारखंच दिसतं. आणि वासाचं म्हणाल तर आपल्या वॉर्डात कुणाच्या हाताला स्पिरिटचा वास नसतो? दिवसभर सॅनिटायझर चोळतोय आपण. शुगर खूप वाढून कीटोन्स झाले तरी श्वासाला गोडसर वास येतो, नवख्याला तो दारूचा वाटतो.

मी काय करायची ते सांगते. "चल गं, माझ्याबरोबर स्टोअरमध्ये ये जरा" म्हणून हळूच बाजूला घ्यायचं. खुर्चीवर बसवायचं. जबाबदार बाई शेजारी. शुगर, बी.पी., नाडी, ऑक्सिजन, डोळ्यांच्या बाहुल्या. मग चालत नाही, व्हीलचेअरवर कॅज्युल्टीत. तिथले डॉक्टर, सी.एम.ओ., बघतील. तोवर ती आपली पेशंट. विद्यार्थिनी नंतर.

निशिगंध

नाही, शुगर नाही बघितली. ग्लुकोमीटर माझ्यापासून चार हातांवर होता.

काळा कोट

मी वकील आहे, दवाखान्यांच्या केसेस बघतो. निशिगंधताई, ती सही केली नाहीत हे फार योग्य केलंत.

बच्चूभाई हसनअली करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९७१. गाडीच्या अपघाताचं प्रकरण. डॉक्टरांनी नोंदवलं होतं की तोंडाला दारूचा वास, चाल डळमळीत, बोलणं विस्कळीत, बाहुल्या मोठ्या. न्यायालयानं सांगितलं की एवढ्यावरून माणूस प्यायला होता असा निष्कर्ष काढता येत नाही. जिथं तपासलेल्या डॉक्टरांची चार लक्षणं पुरली नाहीत, तिथं सिस्टरांना आलेला वास आणि ऑफिसनं टाइप केलेलं वाक्य कितपत टिकेल?

म्हणून दिसलं ते लिहा, त्याचा अर्थ लावू नका. "७.४५ वाजता भिंतीला टेकून उभी. हाकेला उशिरा उत्तर. ६ युनिटऐवजी १६ युनिट भरलं, विचारल्यावर ६ सांगितलं. ८.१५ वाजता लिनन रूममध्ये झोपलेली, दोनदा हलवल्यावर जागी." वेळ, कृती, शब्द. जमलं तर दोघींनी वेगवेगळं लिहावं आणि त्याच दिवशी. इन्चार्ज सिस्टरांना वास आला असेल तर ते त्यांनी त्यांच्या कागदावर लिहावं, तुमच्या नव्हे.

तपासणीबद्दल. श्वास, रक्त, लघवी, काहीही घ्यायचं तर समजावून आणि संमतीनं. कॉलेजला कुणाला धरून रक्त काढता येत नाही. तिनं नकार दिला तर "नकार दिला" एवढंच लिहायचं, तो कबुलीजबाब होत नाही. मात्र नकार दिला तरी तिला त्या दिवशी पेशंटपासून दूर ठेवण्याचा अधिकार तुमच्याकडे राहतोच, कारण त्यासाठी तिचा दोष सिद्ध करावा लागत नाही.

अनेक जण आकडा मागतात. आपल्या दारूबंदी कायद्यात रक्तातल्या दारूची रेषा ०.०५ टक्के आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. यातली एकही रेषा इन्सुलिन भरणाऱ्या हातासाठी आखलेली नाही. २० मिलिग्रॅम निघालं म्हणून ती कामाला योग्य ठरत नाही, आणि शून्य निघालं म्हणूनही नाही. १६ भरून ६ म्हणणारी व्यक्ती त्या सकाळी इंजेक्शन द्यायला योग्य नाही, कारण काहीही असो.

तिसरं वर्ष

मी विद्यार्थिनी आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. पहिल्यांदाच लिहितेय.

मॅडम, तुम्ही सगळे पेशंटचा आणि कायद्याचा विचार करताय, तो बरोबरच आहे. पण हॉस्टेलमध्ये दुपारी काय झालं असेल ते मला माहीत आहे. मुलाबद्दल "प्यायला होता" म्हटलं तर चार दिवस चर्चा होते. मुलीबद्दल म्हटलं की गावापर्यंत जातं. घरी फोन गेला की आधी शिक्षण बंद, मग स्थळ बघायला सुरुवात. आमच्या बॅचमधली एक मुलगी अशीच गेली, तिची फिट होती हे नंतर कळलं.

आणि आम्ही आजारी असलो तरी पोस्टिंग का बुडवत नाही तेही सांगते. थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, प्रॅक्टिकलची मात्र पदवी हातात पडायच्या आत १०० टक्के भरावी लागते. एक दिवस बुडला तर सुट्टीत एकटीनं भरून काढायचा, हॉस्टेल बंद असतं, राहायचं कुठं? म्हणून १०२ ताप असला तरी गोळी घेऊन उभं राहायचं. "आज मला बरं नाही, माझ्याकडून औषधं नका देऊ" असं मॅडमना सांगायची सोय असती तर मी दोन वेळा तरी सांगितलं असतं.

जुनी मेट्रन

पोरी, बरं केलंस लिहिलंस.

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ. विषय रेसिडेंटचा आहे, पण इथं सांगितलाच पाहिजे, कारण निशिगंधताईंच्या केसमध्ये त्रास उघड दिसला. आमच्या शाखेत तो दिसत नाही.

फेंटानिलची, म्हणजे भूल देताना वापरायच्या जबर वेदनाशामकाची, सवय लागलेला रेसिडेंट अडखळत नाही, उलट युनिटमधला सगळ्यात कामसू वाटतो. लांबलचक केसेस स्वतःहून मागतो. ड्यूटी संपली तरी घुटमळतो. दुसऱ्याला "तू चहा पिऊन ये, मी बघतो" म्हणतो. उकाड्यातही पूर्ण बाह्या. मग रिकव्हरीतली सिस्टर एक दिवस म्हणते, "सर, ह्यांच्या केसचे पेशंट फार ओरडतात हो." कागदावर फेंटानिल १०० मायक्रोग्रॅम दिलेलं, नाडी मात्र सांगते की दिलेलं नाही. ते सिस्टरचं वाक्य सर्वात महत्त्वाचं, आणि तेच कुणी लिहून ठेवत नाही.

माझ्या ओळखीत असं घडलं. विभागप्रमुखांनी चांगल्या मनानंच केलं, पण एकट्यानं केलं. रात्री नऊला केबिनमध्ये बोलावलं, रजिस्टर समोर टाकलं, "उद्या सकाळी घरच्यांना घेऊन ये" म्हणून सोडून दिलं. तो मुलगा रूमवर गेला आणि त्याची ती सकाळ कधी आलीच नाही. आम्ही त्याला गमावलं. आज अकरा वर्षं झाली.

म्हणून हात जोडून सांगतो. अशा माणसाशी एकट्यानं बोलू नका, रात्री बोलू नका, आणि बोलल्यावर एका मिनिटासाठीही त्याला एकटं सोडू नका. उघडं पडण्याच्या त्या काही तासांत जीव द्यायचा धोका सर्वात मोठा असतो, आणि त्याला औषध आणि डोस दोन्ही माहीत असतात. आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून खाट ठरवा, मग दोघांनी मिळून बोला, आणि तिथूनच थेट तिकडे न्या. हॉस्टेलवर बॅग घ्यायलासुद्धा एकट्याला पाठवू नका.

दुसरं, तपासणीवर आंधळा विश्वास नको. लघवीत अफूवर्गीय औषधं शोधणाऱ्या साध्या ओपिएट पट्टीवर फेंटानिल उमटत नाही. क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही गुंगीची औषधं त्यांच्या पट्टीवरही अनेकदा निसटतात. उलट खोकल्याच्या कोडीन असलेल्या औषधानं पट्टी पॉझिटिव्ह येते. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून "तुझ्यावर उगाच आळ घेतला" म्हणत परत ओ.टी.त उभं केलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि अशा औषधांचं कपाट. उरलेलं औषध दोन सह्यांनी, दोघांच्या डोळ्यांदेखत टाकायचं. रिकामी अँप्युल्स मोजून परत. सही आधी आणि औषध नंतर ही पद्धत बंद करा. आपण मुलांवर विश्वास ठेवतो म्हणून हे शिथिल करतो, आणि ते मूल मात्र त्या ढिलाईत रोज एकटं पडतं.

सुईदोरा

वाचतोय. भूलवाला, तुमच्या दुःखात सहभागी आहे.

तरीही एक मुद्दा मांडतो, कुणी वाईट वाटून घेऊ नये. मी सर्जन आहे. इथं आतापर्यंत विद्यार्थिनीची बदनामी, तिची भीती, तिचे कायदेशीर हक्क यावर भरपूर आलं. अकरा नंबरचे आजोबा? १० युनिट जास्त गेलं असतं, नाश्ता उशिरा आला असता, तर ते कोमात गेले असते. त्यांच्या नातेवाइकांना कुणी सांगितलं का? चूक नोंदवली का? सहानुभूतीच्या नावाखाली आपण एकमेकांना सांभाळून घेतो, मग तेच मूल पुढं रजिस्ट्रेशन घेऊन बाहेर पडतं. माझ्या मते अशा विद्यार्थ्याला एक वर्ष मागं ठेवावं.

निशिगंध

सर, आजोबांची शुगर मी स्वतः बघितली, योग्य डोस दिला, रेसिडेंटना सांगितलं. चूक पेशंटपर्यंत पोचली नाही म्हणून इन्सिडेंट फॉर्म भरला नव्हता. तुमची पोस्ट वाचून काल भरला, उशिरा का भरला तेही लिहिलं.

एक वर्षाचं मात्र पटत नाही. मी त्या मुलीच्या जागी असते आणि शिक्षा एक वर्ष आहे हे माहीत असतं, तर भिंतीला टेकले नसते. ताठ उभी राहिले असते.

क्लीव्हलंडकर

मी सांगलीची, गेली बावीस वर्षं ओहायोत, नर्सिंग शिकवते. इथली पद्धत सांगते, जशीच्या तशी उचला असं म्हणत नाही.

प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थी एका धोरणावर सही करतो. कुठली लक्षणं दिसली तर शिक्षक थांबवणार, कोण तपासणार, निकाल कुणाला कळणार, परत यायचा रस्ता कोणता, सगळं त्यात असतं. संशय आला की दोन जण स्वतंत्रपणे एक निरीक्षण-फॉर्म भरतात: बोलणं, चाल, डोळे, वागणं, वेळ. विद्यार्थ्याला गाडी चालवू द्यायची नाही हा पक्का नियम. घरी नेणारं कुणी आल्याशिवाय शिक्षक जागा सोडत नाही. मी स्वतः एकदा दुपारी तीनपासून रात्री आठपर्यंत एका मुलापाशी बसलेय.

इथं बऱ्याच राज्यांत नर्सेससाठी शिक्षेला पर्यायी कार्यक्रम आहेत आणि डॉक्टरांसाठी वेगळे. उपचार घ्या, पाच वर्षं अचानक तपासण्या द्या, नियम पाळा, काम करत राहा. डॉक्टरांच्या अशा १६ राज्यांतल्या कार्यक्रमांमधल्या ९०४ जणांचा मागोवा घेतला गेला होता. पाच वर्षांत ७८ टक्के लोकांची एकही तपासणी पॉझिटिव्ह आली नाही. व्यसनाच्या उपचारात असे आकडे क्वचित दिसतात. सुईदोरा सर, यात कडकपणा काही कमी नाही. पाच वर्षं कधीही फोन येतो आणि त्याच दिवशी जाऊन बाटलीत लघवी द्यावी लागते. फक्त हा कडकपणा माणसाला बाहेर फेकत नाही.

उणं काय ते पण सांगते. तपासण्यांचा खर्च बहुतेकदा विद्यार्थ्याच्याच खिशातून जातो. गरीब मुलांना तो झेपत नाही. ते मात्र आपल्याकडे आणू नका.

मनोमन

मानसोपचारतज्ज्ञ. मी दोन-तीन गोष्टी जोडतो.

झोपेबद्दल. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला. सलग १७ तास जागा माणूस हात-नजरेच्या कामात तितकाच मागं पडला जितका रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला. २४ तास जागा राहिला तर ०.१० टक्क्यांएवढा. वकीलसाहेबांनी वर दारूबंदी कायद्याची रेषा दिली आहे, तीच ०.०५. सकाळी सहाला उठलेला इंटर्न रात्री अकराला त्या रेषेवर उभा असतो आणि त्याची ड्यूटी सकाळी संपते. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं आठवड्याला ७४ तासांच्या वर नको म्हटलं. वॉर्डात काय चालतं ते इथं प्रत्येकाला माहीत आहे.

त्याच कृती दलाच्या पाहणीत एम.बी.बी.एस.चे २५,५९० विद्यार्थी होते, त्यातल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं स्वतः सांगितलं. वर्गात शंभर मुलं बसली असतील तर त्यातली सत्तावीस-अठ्ठावीस. नर्सिंगची मुलं त्या पाहणीत नव्हती, पण हॉस्टेलच्या भिंती सारख्याच आहेत.

निशिगंध, कमिटीबद्दल एक आग्रह. तपासणारा डॉक्टर आणि शिक्षा ठरवणारी कमिटी वेगळी ठेवा. माझ्याकडे ती जे बोलेल ते गोपनीय राहणं हा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार तिचा हक्क आहे. मी कॉलेजला एवढंच कळवेन: आत्ता क्लिनिकलला योग्य आहे किंवा नाही, आणि पुन्हा कधी बघायचं. निदान कॉलेजला नको. आणि ती सज्ञान आहे, घरच्यांना काय सांगायचं ते आधी तिला विचारा. जिवाला धोका वाटला तर गोष्ट निराळी.

अमली पदार्थांचा प्रश्न निघाला तर मुलं पोलिसांच्या भीतीनं उपचाराला येत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात (एन.डी.पी.एस.) कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. हे हॉस्टेलच्या फलकावर लावा. सोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

एक दिवस

मी डॉक्टर आहे. नऊ वर्षं झाली, प्यायलो नाही.

इंटर्नशिपमध्ये सुरू झालं, हाउसमन असताना सकाळचीही लागायला लागली. आठ महिने माझ्या युनिटनं मला सांभाळलं. माझे राउंड दुसरा घ्यायचा, रक्तं तिसरा काढायचा, सरांना "त्याला ताप आहे" असं चौथा सांगायचा. मी ती मैत्री समजत होतो आणि तेही. एका रात्री मी एका बाईंना रक्त लावताना बॅगवरचं नाव वाचलं नाही. सिस्टरनं वाचलं.

त्याच आठवड्यात लेक्चरर मॅडम आणि माझा एक सीनियर मला दुपारी ट्यूटोरियल रूममध्ये घेऊन बसले. मॅडमच्या हातात चार चिठ्ठ्या होत्या. तारीख, वेळ, मी काय केलं. एकीवरही "दारू" हा शब्द नव्हता. मॅडमनी त्या सावकाश वाचून दाखवल्या आणि म्हणाल्या, "आज तू कुठल्याही पेशंटला हात लावायचा नाहीस. उद्याही नाही. आणि आज रात्री तू एकटा नाहीस." कुणी "तू पितोस का" विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, तयारच होतो त्यासाठी. ते कुणी विचारलं नाही. सीनियर मला स्कूटरवर मागं बसवून व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेला.

महाराष्ट्रात आपण या बाबतीत नशीबवान आहोत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठी बैठका जिल्ह्या-जिल्ह्यात होतात. मी अजून दर शुक्रवारी जातो. जागा आहेत, त्या जागेपर्यंत नेणारं कुणीतरी हवं असतं.

सुईदोरा सर, मला एक वर्ष मागं ठेवलं नव्हतं, सात महिने ठेवलं होतं. ते मला शिक्षा वाटले नाहीत, कारण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की परत कसं यायचं.

सुईदोरा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील त्या मॅडमनी, तर त्या प्रत्येक विभागात दाखवायला हव्यात. वर्षाचं म्हणणं मी मागं घेतो. रक्ताच्या बॅगवरचं नाव वाचणाऱ्या त्या सिस्टरला मात्र माझा नमस्कार सांगा.

निशिगंध

कमिटी झाली. तिच्या परवानगीनं थोडं लिहिते.

दारू नव्हती. एका खाजगी नर्सिंग होममध्ये ती सलग तीन रात्री ड्यूटी करत होती. रात्रीचे पाचशे रुपये. धाकट्या भावाची बारावीची फी आणि तिचा हॉस्टेलचा हप्ता एकाच महिन्यात आला होता. तिसऱ्या पहाटे "तासभर तरी झोप लागू दे" म्हणून तिथल्याच एका मुलीनं दिलेली अल्प्राझोलमची, म्हणजे गुंगी आणणारी, गोळी घेतली आणि तासाभरानं बस पकडून वॉर्डात आली. म्हणजे मला जी दिसली ती बहात्तर तासांत जेमतेम सात तास झोपलेली मुलगी होती, वर गोळी.

ऐकताना माझा राग कुणावर धावला ते सांगते. त्या नर्सिंग होममध्ये रात्री बारा पेशंट आणि तिसऱ्या वर्षाची ही एकटी. सलाइनं, इंजेक्शनं, सगळं. इथं निदान सिरिंज बघायला मी होते. तिथं रात्रभर कुणीच नव्हतं. सुईदोरा सर, तुमचे अकरा नंबरचे आजोबा तिथं बारा होते. कॉलेजनं त्या मालकांना लेखी कळवलंय की शिकत्या मुलींना असं कामाला लावू नका.

ऑफिसचं पत्र मागं घेतलं गेलं, मी आणि सिस्टरांनी वेगवेगळे कागद दिले. सिस्टरांनी लिहिलं, "वास आला असे वाटले, स्पिरिटचाही असू शकतो." त्यांना हे लिहायला जड गेलं असेल, मी त्यांचे आभार मानले. घरी काय सांगायचं ते तिनंच ठरवलं, वडिलांना मी फोनवर जोडून दिलं. दोन आठवडे क्लिनिकल बंद, कागदावर "दक्षता म्हणून, शिक्षा नव्हे" असं स्पष्ट. राहिलेले दिवस कुठल्या वॉर्डात, कुठल्या तारखांना भरायचे तेही त्याच कागदावर. हॉस्टेलची फी तीन हप्त्यांत. मानसोपचार विभागात दर आठवड्याला जायचं, त्यातलं आमच्यापर्यंत काहीही येणार नाही.

मी वॉर्डासाठी एक पान लिहिलंय, तपासून द्या:

"विद्यार्थी कामाला योग्य वाटत नसेल तर हातातलं काम शांतपणे काढून घ्या, पेशंट आधी बघा. विद्यार्थ्याला सर्वांसमोर काही बोलू नका. बाजूला बसवा, एकटं सोडू नका, बाकीची बॅच इन्चार्ज सिस्टरांकडे द्या. एचजीटी, बी.पी., नाडी, ऑक्सिजन, ताप. कॅज्युल्टीत व्हीलचेअरवर. दिसलं, ऐकलं तेवढंच लिहा, वेळ घाला, अर्थ लावू नका. दोघांनी वेगळं लिहा. घरी किंवा हॉस्टेलला सोबतीशिवाय पाठवू नका. बातमी प्राचार्यांपलीकडे जाऊ देऊ नका. पेशंटची चूक झाली किंवा होता होता राहिली तर इन्सिडेंट फॉर्म त्याच दिवशी."

जुनी मेट्रन

चांगलं उतरलंय. दोन दुरुस्त्या. रात्रपाळीला वॉर्डात इन्स्ट्रक्टर नसते, तेव्हा बॅच कुणाकडे द्यायची ते लिहा, नाहीतर कागद फक्त सकाळी चालेल. आणि श्वासाची तपासणी करणार असाल तर तोंड धुऊन पंधरा मिनिटं थांबायचं, माउथवॉशनंही आकडा चढतो.

तिसरं वर्ष

मॅडम, वरती एक ओळ घालाल का? "आज मला बरं नाही, औषधं देऊ नका असं विद्यार्थ्यानं स्वतः सांगितलं तर त्या दिवसाची हजेरी लागेल, काम वेगळं मिळेल." बेड लावू आम्ही, केस शीट लिहू, आजोबांना भरवू.

निशिगंध

घातली. पहिलीच ओळ केली आहे. हजेरीचं मी प्राचार्यांशी बोलले, वॉर्डात थांबून दुसरं काम केलं तर तो दिवस धरायला त्या तयार आहेत. रात्रीसाठी नाइट सुपरवायझरचं नाव टाकलंय, त्यांनाही विचारून.

तिची राहिलेली मेडिसिनची पोस्टिंग सोमवारपासून आहे. पहिला आठवडा औषधं नाहीत, ते तिनंच मागितलं. ग्लुकोमीटर मी आता ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात ठेवते.